चाक गोल कसे कापावे?



विज्ञान प्रदर्शनासाठी मी प्लॅस्टिकची बैलगाडी केली. दहा रुपयांचे नाणे ठेवून चाके आखली. नाण्याचा व्यास २.७ सेंमी. वर्तुळ छान आले, पण मध्य कुठे ते कळेना. अंदाजाने भोक पाडले. गाडी ओढली तर लंगड्या बैलासारखी चालू लागली! आजोबा म्हणाले, "अरं, आख मधोमध नसंल तर गाडी हिसकं देणारच." मग मी साधने नीट निवडली. ती अशी :

१) आखण्यासाठी – गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल नीट उमटत नाही. कंपासपेटीतले कर्कटक घ्यावे. त्याची दोन्ही टोके धातूची असतात. एक टोक रोवायचे, दुसऱ्याने ओरखडा काढायचा. मध्याची खूण आपोआप मिळते. टोक घसरत असेल तर आधी तिथे चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत. ६ सेंमी व्यासाचे चाक हवे तर कर्कटक ३ सेंमी उघडावे. दोन्ही चाके आखून होईपर्यंत ते मिटू नये, म्हणजे चाके सारखी येतात.

२) कापण्यासाठी – डब्याचे पातळ, मऊ झाकण असेल तर कात्री पुरते. ओरखड्याच्या किंचित बाहेरून कापावे. कात्री न वळवता झाकण फिरवावे. सीडीच्या डबीचे झाकण मात्र कडक व ठिसूळ. कात्री लावली की तडकते. माझी दोन झाकणे अशीच वाया गेली. त्यावर कर्कटक हलक्या हाताने वीस-पंचवीस वेळा फिरवावे. एकदाच जोर लावला तर टोक निसटते. मग बारीक दातांच्या करवतीच्या पात्याने वर्तुळाभोवतीचा चौकोन कापावा. त्याचे चार कोपरे उडवले की अष्टकोन होतो. आठ कोपरे उडवले की सोळा कोन! उरलेले पॉलिश पेपरवर ओरखड्यापर्यंत घासावे.

३) भोकासाठी – तापवलेला खिळा नको. घाण धूर होतो, कड फुगते. खाली फळी ठेवून मध्याच्या खुणेवर दाभण गोल गोल फिरवावा.

करवत आणि दाभण मोठ्या माणसांसमोरच वापरा. टोकासमोर बोट ठेवू नका.

नवी चाके बसवली आणि गाडी वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेली. आजोबांनी ती दोनदा ओढून पाहिली. तुम्हीही करून पाहा!

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी