चढणीचे कर्ज, उताराची परतफेड

शाळेच्या क्रॉसकंट्री शर्यतीत सपाट मैदानावर पुढे असणारा धावपटू चढउताराच्या वाटेवर मागे पडलेला तुम्ही पाहिला असेल. वाट जेथे सुरू होते तेथेच संपते. म्हणजे जितके चढायचे तितकेच उतरायचे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढताना केलेले कार्य उतरताना परत मिळते, असे आपण पुस्तकात शिकतो. मग सपाट वाट आणि चढउताराची वाट यांचा हिशेब सारखाच यायला हवा. तो तसा का येत नाही?

प्रथम आपल्या भोवतालची जमीन पाहू. दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. येथे पश्चिमेला खाडीकडे जमीन सपाट आहे, तर पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे ती चढत जाते. दहिसर नदी समुद्रसपाटीपासून शंभराहून अधिक मीटर उंचीवरच्या तुळशी तलावापासून निघते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. म्हणजे सरासरी उतार दर १०० मीटरला जेमतेम १ मीटर, अर्थात शेकडा १ च्या आसपास. त्यातला बराचसा उतार डोंगराळ भागातच संपतो. घाटावर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात अशीच हलके वरखाली होणारी माळराने आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत दहावी आलेली ललिता बाबर याच तालुक्यातील मोही गावची.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००२ साली इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिनेटी व त्यांचे सहकारी यांनी डोंगरी शर्यतीत धावणाऱ्या दहा धावपटूंना सरकत्या पट्ट्यावर निरनिराळ्या चढउतारांवर धावायला लावले आणि ते किती ऑक्सिजन वापरतात हे मोजले. त्यावरून शरीराच्या दर किलोग्रॅममागे, दर मीटरला किती ज्यूल ऊर्जा लागते याचे सूत्र मिळाले. सौम्य चढउतारांपुरते ते असे मांडता येते :

खर्च = ३.६ + १९.५ × च + ४६ × च²

येथे ‘च’ म्हणजे चढ. शेकडा ५ चढासाठी च = ०.०५ आणि तेवढ्याच उतारासाठी च = –०.०५ घ्यायचे. किमती घालून पहा. सपाटीवर ३.६, चढावर ४.६९ आणि उतारावर २.७४ ज्यूल असे आकडे मिळतील.

समजा, ५० किलोग्रॅम वजनाची विद्यार्थिनी अशा चढावर १ किलोमीटर धावली. ती ५० मीटर उंच गेली. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिने केलेले कार्य ५० × ९.८ × ५० = २४,५०० ज्यूल. परंतु सपाटीच्या मानाने तिच्या शरीराचा जादा खर्च १.०९ × ५० × १००० = ५४,५०० ज्यूल, म्हणजे दुपटीहून अधिक! याचे कारण असे, की स्नायू हे काही शंभर टक्के कार्यक्षम यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. म्हणूनच चढावर अंग तापते व घाम येतो. तोच किलोमीटर उतरताना तिची बचत होते ४३,००० ज्यूल. कर्ज ५४,५०० आणि परतफेड ४३,००० ज्यूल. मधले ११,५०० ज्यूल बुडाले.

ही तूट कोठून आली ते सूत्रातच दिसते. १९.५ × च हे पद चढावर धन आणि उतारावर ऋण असते, त्यामुळे जाऊन-येऊन ते पूर्ण कापले जाते. परंतु ऋण संख्येचाही वर्ग धनच असतो. म्हणून च² चे पद दोन्ही वेळा खर्चच वाढवते. आता चढ दुप्पट, म्हणजे शेकडा १० करा. वर्गामुळे तूट चौपट होते. शेकडा ५ च्या वाटेवर एकूण खर्च सपाटीपेक्षा सुमारे शेकडा ३ ने वाढतो, तर शेकडा १० च्या वाटेवर सुमारे शेकडा १३ ने. हलक्या चढउताराच्या वाटा धावायला का आवडतात याचे उत्तर येथे आहे. तेथे वाट बदलत राहते आणि दंड मात्र थोडाच पडतो.

या गणिताचा शर्यतीत उपयोग कसा करायचा? सपाटीवर ताशी १० किलोमीटर चालीने धावणारा मुलगा चढावरही तीच चाल धरून ठेवू लागला, तर पहिल्याच टेकडीवर त्याला दम लागेल. दर सेकंदाचा ऊर्जाखर्च सारखा ठेवायचा, तर शेकडा ५ चढावर त्याची चाल ताशी ७.७ किलोमीटरवर आली पाहिजे. उतारावर ती १३.१ पर्यंत जाऊ शकेल. या दोहोंची साधी सरासरी १०.४ येते आणि वाटते, की चढउतारावर वेळ वाचला! पण चढावर वेळ अधिक जातो हे विसरून चालणार नाही. एकूण अंतराला एकूण वेळाने भागा. खरी सरासरी चाल येते ९.७. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाट चढून-उतरून होणाऱ्या अर्धमॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांना हा हिशेब पायांनीच समजतो.

एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. उतार ऊर्जेला स्वस्त असला तरी स्नायूंना महाग असतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच आवळून धरावे लागते. गाडीचा ब्रेक दाबून ठेवण्यासारखेच हे काम आहे. सवय नसताना उतारावर खूप धावले, तर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एकदोन दिवसांनी मांड्या भरून येतात. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दोनतीन दिवसांत उताराचा नवा सराव करू नये. एरवीही उतारावर पावले लहान टाकावीत आणि सराव आठवड्याआठवड्याने वाढवावा.

करून पहा : कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला लहान वजन लावा. तुमच्याच उंचीचा मित्र चढावर थोडा पुढे उभा करा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्याच्या डोळ्यांकडे पहा. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल तितका चढाचा कोन. सुमारे ३ अंश म्हणजे शेकडा ५ आणि ६ अंशांच्या थोडे आत म्हणजे शेकडा १०. नंतर त्या रस्त्यावर २०० मीटर चढून, विश्रांती घेऊन, तेवढेच उतरून प्रत्येक वेळी नाडीचे ठोके मोजा. हे काम शिक्षकांबरोबर, दिवसाउजेडी आणि वाहनांची वर्दळ नसलेल्या रस्त्यावर करावे. राष्ट्रीय उद्यानात गेलात तर उद्यानाच्या वेळेतच जा आणि मुख्य रस्ता सोडू नका. तेथे बिबट्यांचा वावर आहे.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. शेकडा २ चढउताराच्या वाटेवर सपाटीपेक्षा किती जादा ऊर्जा लागेल? वरचे सूत्र वापरून उत्तर काढा, आणि मग ठरवा : तुमच्या शाळेच्या संघाला सरावासाठी कोणती वाट निवडाल?