पूर ओसरल्यानंतरचे प्रश्न

वर्धा, यशोदा आणि वणा या नद्यांच्या काठावरून आलेली ही पत्रे. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांनी जो पूर पाहिला, त्यानंतर नदी पात्राबाहेर आली की हेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

“पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसे आली. धुऱ्यावरूनच पाहिले, ‘कपाशी तर हिरवी आहे’ म्हणाले आणि गेले. आता झाडे माना टाकत आहेत. गावातली पोरे तहसीलला कुलूप ठोकायला निघाली आहेत, माझा मुलगा सगळ्यांच्या पुढे. त्याच्यावर केस झाली तर? आणि गप्प बसलो तर यादीत नाव येईल का?” – एक कास्तकार, हिंगणघाट तालुका

तुमचा संताप रास्त आहे आणि त्याला शेतीशास्त्राचाही आधार आहे. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. कपाशी दोन-चार दिवस हिरवी दिसते, मग ऊन पडताच अचानक सुकते. याला आकस्मिक मर (रोगजंतूशिवाय येणारी मर) म्हणतात. त्यामुळे फार लवकर केलेल्या पाहणीत नुकसान कमी दिसू शकते. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान नोंदले जावे लागते, म्हणून हा फरक तुमच्यासाठी मोठा आहे. तहसीलदारांकडे फेरपाहणीचा लेखी अर्ज द्या. गट क्रमांक, पेरा, पाणी किती दिवस साचले होते ते लिहा, तारीख दिसेल असे फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. झाडे अजून वाचतील का, हे सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारा. ऐकीव औषधांवर पैसे घालू नका. ‘तुमच्या महसूल मंडळात (काही तलाठी साझे मिळून होणारा भाग) ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला नाही’ असे उत्तर मिळाले, तर नुकसान नदीच्या पुराने झाले आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. अतिवृष्टी आणि पूर ही दोन वेगळी कारणे आहेत.

रकमेबद्दलही आधीच माहीत असलेले बरे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, धरले होते. म्हणजे पाच एकरांचे जेमतेम १७,०००. २०२२ च्या पुरानंतर राज्याने हेक्टरी १३,६०० रुपये आणि तीन हेक्टरांची मर्यादा केली होती. निकषाच्या वर मदत मिळू शकते, हे त्यावरून दिसते. जमीनच खरडून गेली असेल तर पिकाबरोबर तिचीही वेगळी नोंद मागा. केंद्राच्या त्याच निकषांत अल्पभूधारकांसाठी त्याचा दर हेक्टरी ४७,००० रुपये होता. ही बाब अनेकांच्या पंचनाम्यात राहूनच जाते.

मुलाला अडवू नका, पण त्याच्याशी बोला. मोर्चा, धरणे, निवेदन हा त्याचा हक्क आहे. कर्मचाऱ्याला धक्काबुक्की झाली तर मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागू शकते आणि मग सगळी चर्चा पिकाऐवजी गुन्ह्याभोवती फिरते. ग्रामसभेचा ठराव आणि पोच घेतलेले शे-दोनशे अर्ज घेऊन गेलेला मोर्चा कार्यालयाला टाळता येत नाही. पोलिसांची नोटीस आलीच तर वकिलाला भेटल्याशिवाय जबाब देऊ नये. पूरग्रस्तांना मोफत वकील मिळण्याची तरतूद विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

“रात्री धरणाचे पाणी सोडले आणि आम्हाला बुडवले, असे सगळे म्हणतात. कोणी म्हणते धरण फुटले होते. आता ढग आले की म्हातारी सासू रात्रभर बसून राहते. खरे काय समजायचे?” – एक गृहिणी, समुद्रपूर तालुका

धरण फुटणे आणि दरवाजे उघडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धरण भरत आले की येणाऱ्या पाण्याला वाट द्यावीच लागते. दरवाजे त्यासाठीच असतात. वर्धा नदीवरच्या निम्न वर्धा प्रकल्पाला ३१ दरवाजे आहेत, तर तुमच्या वणा नदीच्या वरच्या अंगाला नागपूर जिल्ह्यात वडगावचे धरण आहे. शिवाय वर्धा नदी दुथडी भरली की उपनद्यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फुगते. याला फुगवटा म्हणतात. त्यामुळे गावात पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहते आणि ‘कोणीतरी सोडले’ असे वाटते.

तरीही तुमचा प्रश्न इथे संपत नाही. पाणी केव्हा, किती सोडले आणि गावाला इशारा किती आधी मिळाला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून जलसंपदा विभागाकडे दरवाजे उघडल्याची वेळवार नोंद मागा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. सासूबाईंसाठी मात्र १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक घरात ठळक लिहून ठेवा. रात्री विचारायला जागा आहे, एवढ्यानेही जिवाला आधार वाटतो.

“मी वर्ध्यात कॉलेजला आहे. मित्रमैत्रिणींसह पूरग्रस्त गावात सफाईला जायचे आहे. आई म्हणते, साथीचा रोग घेऊन येशील. आम्ही जावे की नाही?” – एक विद्यार्थिनी

जावे. मात्र ग्रामपंचायतीला किंवा तहसील कार्यालयाला कळवून, ते सांगतील त्या गावात आणि पाणी उतरल्यावरच. पाण्यातून माणसे काढणे हे प्रशिक्षित पथकांचे काम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी गच्च भरलेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. मदतीची तळमळ तिथेही खरीच होती. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी परत फिरा.

आईची काळजी अनाठायी नाही. चिखलातून लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) होऊ शकतो, पण गमबूट, हातमोजे आणि जखमेवर पक्की पट्टी यांनी धोका बराच कमी होतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. परतल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पुराच्या चिखलात काम केल्याचे सांगा. अडगळ उपसताना साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, थेट रुग्णालय गाठा. विहिरीत ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नका. मात्रा पाण्याच्या मापावर ठरते आणि ते काम गावच्या जलसुरक्षकाचे व आरोग्य सेवकाचे आहे.

“आमच्या मंडळाने पोतेभर कपडे गोळा केले, पण गावकऱ्यांनी ते घेतलेच नाहीत. फार वाईट वाटले.” – एक कार्यकर्ते, पुलगाव

तुमच्या भावनेचा हा अव्हेर नाही. ज्याचे घर वाहून गेले त्यालाही वापरलेले कपडे निवडताना संकोच वाटतो. आधी फोन करून विचारा. चटया, ताडपत्री, बॅटरी, सॅनिटरी पॅड, वह्या आणि जनावरांचा चारा यांची गरज बहुधा निघतेच. चाऱ्याची आठवण शहरातल्या मंडळांना क्वचितच होते.

“पूर आल्यापासून बाबा जेवत नाहीत. आधी सगळ्यांवर ओरडायचे, आता बोलतच नाहीत. काल म्हणाले, ‘माझ्यामागे तरी पैसे मिळतील तुम्हाला.’ मी कोणाला सांगू?” – एक मुलगा, देवळी तालुका

हे पत्र सर्वांत तातडीचे आहे. ओरडणारा माणूस गप्प झाला म्हणजे सावरला, असे धरू नका. ‘माझ्यामागे तरी पैसे मिळतील’ हे वाक्य सहज आलेले नाही. त्यांच्याजवळ बसा आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. घरातले कीटकनाशक आजच बाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि काही दिवस त्यांना एकटे सोडू नका. तुम्ही काही चुकीचे केलेले नाही, आणि हा भार तुम्ही एकट्याने उचलायचाही नाही. काका, मामा, शेजारी, ज्यांचे बाबा ऐकतात त्यांना आजच सांगा.

त्यांना मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे न्या. तोवर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, तुम्हालाही आणि त्यांनाही. काही प्राशन केल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. नुकसानभरपाईचे अर्ज थांबू शकतात. बाबांना मात्र आजच दवाखान्यात न्या.