कोंबड्यांचा राखणदार

इटली देशातील मारेम्मा जातीचा कुत्रा हा मूळचा मेंढरांचा राखणदार. परंतु ऑस्ट्रेलियात वार्नंबूल गावाजवळ एका शेतकऱ्याने त्यास कोल्ह्यांपासून कोंबड्या राखावयास लाविले. तोच धडा घेऊन २००६ साली जवळच्या बेटावरील पेंग्विन पक्ष्यांच्या रक्षणासही हे कुत्रे नेमिले गेले.

येथे आम्हांस दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, पिल्लू लहानपणापासून कोंबड्यांच्या सहवासात वाढवावे. ज्यांच्यामध्ये ते वाढते त्यांस ते आपली मानते. दुसरी, ते सुमारे दोन वर्षांचे होईपर्यंत कोंबड्या एकट्या त्याच्या स्वाधीन करू नयेत. अल्लड वयात ते खेळता खेळता कोंबडी मारते. तो द्वेष नव्हे. अशा वेळी रागाने त्यास हाकून देणारा धनी उद्याचा राखणदार गमावितो. म्हणून जवळ राहावे, आवरावे, आणि धीर धरावा.