नकाशातील घर आणि जमिनीवरील घर

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरा दिला. त्यानंतरच्या मदतकार्यात ज्या नकाशांचा उपयोग झाला, त्यांत ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकसहभागातून तयार होणाऱ्या नकाशाचे स्थान मोठे होते. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी आरंभिलेल्या या नकाशात कोणीही नोंद करावी आणि चूक आढळल्यास कोणीही ती दुरुस्त करावी, अशी रीत आहे. काठमांडूतील शाळा व रुग्णालये यांची नोंद तेथील तरुणांनी २०१२ पासूनच हाती घेतली होती. भूकंपानंतर देशोदेशींच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून घरे व वाटा रेखाटून त्यात भर घातली.

काम वरकरणी सोपे वाटते. चित्रात छप्पर दिसते. त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. परंतु उपग्रह नेहमीच डोक्यावरून पाहतो असे नाही. तो तिरकस कोनातून पाहतो तेव्हा उंच इमारत कललेली दिसते. पंधरा मीटर उंचीच्या इमारतीचे चित्र वीस अंश तिरपे घेतले असेल, तर तिचे छप्पर पायापासून सुमारे साडेपाच मीटर सरकलेले दिसते. छपराचीच रेघ कायम ठेवली तर काठमांडूच्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्ली नकाशातून नाहीशीच व्हावयाची! म्हणून छपराचा आकार रेखाटून ती आकृती पायावर सरकवावी, असा शिरस्ता आहे. डोंगराळ मुलखात तर अख्खे चित्रच काही मीटर हललेले असू शकते. तेथे प्रत्यक्ष चालून नोंदविलेल्या वाटांशी ते आधी जुळवून घ्यावे लागते.

चौकाभोवती भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरे हा दुसरा पेच. वरून ते एकच छप्पर भासते. दहा घरांची एक आकृती काढली की दहा कुटुंबांचे एक कुटुंब होते, आणि घरांच्या संख्येवरून तंबू व धान्य यांचा अंदाज बांधणारा अधिकारी तेवढ्याने फसतो. उलट गोठा किंवा गवताची गंजी घर म्हणून नोंदली गेली, तर आकडा फुगतो.

आकृतीइतकेच महत्त्व तिला लावलेल्या खुणेला आहे. दूरस्थ स्वयंसेवकाने केवळ ‘इमारत’ एवढीच खूण करावी हे इष्ट. तिचा उपयोग त्याला ठाऊक नसतो. इमारतीची बांधणी आणि तिचा सध्याचा वापर या दोन गोष्टी नकाशात वेगळ्या नोंदविल्या जातात. शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत आज दवाखाना असेल, तर बांधणी शाळेची राहते, वापर दवाखान्याचा होतो. तसेच शाळा ही खूण संपूर्ण आवाराला एकदाच द्यावी. ती आवारातील तिन्ही इमारतींना दिली, की एका गावात तीन शाळा दिसू लागतात. ही चूक परगावच्या माणसाला उमगत नाही. तेथील शिक्षकाला ती क्षणात दिसते.

आपल्या पंचायत सदस्यांनी मात्र एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जाते. ती शासकीय मोजणी होय. लोकांच्या नकाशातील रेघ घर कोठे आहे हे सांगते, ते कोणाचे आहे हे सांगत नाही. हद्दीच्या तंट्यात ती पुरावा म्हणून पुढे करू नये.