संत्र्याच्या कलमांची पाने व त्यांवरून रोगाचे निदान

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, विशेषतः शेंदुरजना घाट येथे, संत्र्याची कलमे तयार करण्याचा धंदा अनेक कुटुंबे करीत असतात. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम विकले जाते आणि पुढे कित्येक वर्षे दुसऱ्याच्या शेतात उभे राहते. त्यामुळे रोपवाटिकेत झालेली चूक तेथेच संपत नाही. ती कलमाबरोबर गावोगाव जाते. असे असूनही, पान पिवळे दिसले की खताची मूठ टाकावयाची, ही वहिवाट फार आहे. पिवळे पान हे रोगाचे नाव नसून केवळ लक्षण आहे. ते कसे वाचावे, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम चार प्रश्न

उपाय योजण्यापूर्वी रोपापाशी बसून चार गोष्टी पाहाव्यात. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की कोवळ्या? शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या? मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस रंग सारखा आहे काय? आणि विकार सर्व रोपांस आहे की मोजक्याच रोपांस?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व असे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये कमी पडली असता वनस्पती ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीस पुरविते. म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर आधी दिसते. लोह व जस्त यांची अशी ने-आण सहज होत नाही. म्हणून त्यांची उणीव शेंड्याकडील पानांवर आधी उमटते.

उणिवेची लक्षणे

नत्र कमी असल्यास जुने पान शिरांसकट सारखेच फिके होते. मॅग्नेशियम कमी असल्यास जुन्या पानाच्या कडा व दोन्ही बाजू पिवळ्या पडतात. देठाकडे मात्र पाचरीसारखा हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो.

जस्ताच्या उणिवेत नवी पाने लहान, अरुंद व टोकदार होतात, उभी राहतात, आणि हिरव्या शिरांमध्ये लख्ख पिवळे पट्टे दिसतात. पेरी आखूड झाल्याने शेंडा गुच्छासारखा भासतो. लोहाच्या उणिवेत पानाचा आकार बहुधा बिघडत नाही. फिक्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी तेवढी दिसते, व विकार वाढल्यास पान हस्तिदंतासारखे पांढरे होते.

चुनखडीच्या जमिनीत व क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यावर ही दोन्ही लक्षणे वारंवार आढळतात. तेथे मातीत लोह नसते असे नाही. ते मुळांस घेता येत नाही अशा रूपात बद्ध असते. अशा मातीत हिराकस टाकला तर तोही लवकरच तसाच बद्ध होतो. म्हणून फवारणी हाच जवळचा मार्ग होय. जस्तासाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम जस्त सल्फेट व २५० ग्रॅम चुना घेण्याची रीत आहे. चुन्याची निवळी गाळून मिसळावी.

मुळांकडे दृष्टी

पिशवीतील रोपांत पिवळेपणाचे एक मोठे कारण खताची उणीव हे नसून पाण्याचा अतिरेक हे असते. पिशवीची छिद्रे बुजली, माती चोपण झाली, की मुळे गुदमरतात. माती ओली असूनही पान मलूल दिसत असेल, किंवा मधली शीरच पिवळी पडत असेल, तर एक रोप काढून मुळे धुऊन पाहावीत. निरोगी तंतुमुळे पांढुरकी व घट्ट असतात. मूळकूज असल्यास चिमटीत धरून ओढताच वरची साल निसटून येते व आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. अशा रोपास खत देणे म्हणजे अजीर्ण झालेल्यास पंगतीस बसविणे होय. पाणी तोडावे, निचरा सुधारावा आणि कुजलेली रोपे वेगळी काढून नष्ट करावीत.

सर्वांत घातक लक्षण

आता तिसरा प्रश्न. अन्नद्रव्याची उणीव असल्यास मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस नक्षी बहुधा सारखी उमटते. ग्रीनिंग रोगात तसे होत नाही. एका अंगास पिवळा डाग असतो, त्याच जागी दुसरे अंग हिरवे असते. परीक्षा सोपी आहे. पानाच्या एका अर्धावर पिवळ्या डागाभोवती पेनाने वर्तुळ काढावे, तसेच वर्तुळ दुसऱ्या अर्धावर समोरासमोर काढावे, आणि दोहोंतील रंग ताडून पाहावा. रंग जुळला नाही तर संशय घ्यावा.

हा रोग जिवाणूजन्य असून सिट्रस सायला या किडीने व रोगट डोळकाडीने पसरतो. लागण झालेले झाड पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात तो २००५ साली आढळला. तेथे २००३-०४ मध्ये २४ कोटींहून अधिक पेट्या संत्री निघत. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. वादळांचाही त्यात वाटा आहे, तथापि मुख्य कारण हा रोगच होय.

रोगट झाडावर जस्ताच्या उणिवेसारखी लक्षणेही दिसू शकतात. म्हणून फवारणीने शेंडा हिरवा झाला एवढ्यावर झाड निर्दोष ठरवू नये. संशयित मातृवृक्षाची डोळकाडी प्रयोगशाळेतील तपासणीवाचून कदापि घेऊ नये, आणि रोपे कीटकरोधक जाळीत वाढवावीत.

उपायाची कसोटी

एका वेळी एकच उपाय करावा, तोही प्रथम दहा-वीस रोपांवर. शेजारची तितकीच रोपे तशीच राखून ठेवावीत. तुलनेस काही नसेल तर गुण औषधाचा की ऋतूचा, हे कळत नाही. फरक नव्या पालवीवर पाहावा. जुनी पाने पूर्ववत होतीलच असे नाही.

तात्पर्य, आधी जागा पाहावी, मग नक्षी, मग मूळ. खताचे पोते त्यानंतर उघडावे. संशयित रोप उपटताना हात जड होतो हे खरे. परंतु ते विकल्यास घेणाऱ्याची पाच-सहा वर्षांची मेहनत व त्याचा आपणांवरील विश्वास, दोन्ही त्या रोपाबरोबर वाळतात.