गारगोटी टिकते, फेल्डस्पार कुजतो

झाशीजवळील बरुआसागर हे गाव तेथील विस्तीर्ण तलावामुळे व तलावाकाठच्या किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. भोवतालची भूमी बुंदेलखंडी ग्रॅनाइटाची असून त्या खडकाचे वय सुमारे 250 कोटी वर्षे मानतात. या प्रदेशातील सपाट माळांतून गारगोटीच्या अरुंद, लांबच लांब रांगा वर आलेल्या दिसतात. शेजारचा ग्रॅनाइट झिजून खाली गेला. गारगोटी मात्र उभी राहिली.

गारगोटी अधिक कठीण, एवढे उत्तर पुरेसे नाही. मोहच्या मापावर तिचा कठीणपणा 7, तर ग्रॅनाइटातील मुख्य खनिज जे फेल्डस्पार, त्याचा 6 आहे. खरा भेद अणूंच्या मांडणीत आहे. गारगोटीत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंना जोडतो. हे बंध इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होतात म्हणून बळकट असतात. सर्व दिशांना अशीच वीण असल्याने पाण्याला शिरकाव करण्यास दुबळी जागा सापडत नाही.

फेल्डस्पारचा सांगाडा असाच त्रिमितीय असतो. परंतु त्यात काही सिलिकॉनांच्या जागी ॲल्युमिनियम येते. ॲल्युमिनियमचा धन भार एकाने कमी असल्याने सांगाड्यावर ऋण भार उरतो. तो भरून काढण्यासाठी पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम यांचे आयन पोकळ्यांत बसतात. या आयनांना धरून ठेवणारे आकर्षण सिलिकॉन-ऑक्सिजन बंधापेक्षा पुष्कळ क्षीण असते. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल बनते. त्यातील हायड्रोजन आयन पोकळ्यांत शिरतात आणि पोटॅशियम वाहून जाते. मग सांगाडाही खिळखिळा होऊन अखेर चिकणमाती उरते. (अभ्रकात हेच पोटॅशियम थराथरांमध्ये असते, म्हणून त्याचे पापुद्रे नखानेही सुटतात.)

या कुजण्याला हानी म्हणावे काय? अखंड ग्रॅनाइटात पाणी जवळजवळ मुरतच नाही. फेल्डस्पार कुजून खडक भुसभुशीत झाला, म्हणजे त्या मुरमात पाणी साठते. बुंदेलखंडातील उथळ विहिरी त्यावरच चालतात. गारगोटीची रांग आडवी आली तर भूमिगत पाणी तिच्यामागे अडते, आणि तशा रांगांमधील खिंडी बांधून जुने तलावही केलेले आहेत. विहीर खणताना मुरूम संपून ताजा ग्रॅनाइट लागला, की पुढे आशा केवळ भेगांचीच.