पिल्लाची नखं घरीच कापूया, पण जपून



“कुत्र्याची नखं कशाला कापायची? आमच्या गावाला कुणी कधी कापली नाहीत!” हा प्रश्न बैठकीत येणारच, आणि तो बरोबरही आहे. गावाला कुत्रं दिवसभर बांधावरून, मुरमाच्या रस्त्यावरून हिंडतं. चालता चालताच त्याची नखं झिजतात. पण घाटकोपर-मुलुंडच्या चाळीतल्या खोलीत किंवा अंधेरी-बोरिवलीच्या इमारतीत पायाखाली गुळगुळीत लादी असते. तिथे नख झिजत नाही, नुसतं वाढतं. मग पिल्लू लादीवर घसरतं, पंजा वाकडा टाकतं. कधी नख चादरीत अडकून मुळापासून तुटतं.

घरात लहान मूल असेल तर ओरखडे वेगळेच. मग कुणीतरी म्हणतं, “सोडून या त्याला आरेत.” असं करू नका. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे, आणि त्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. सोडलेलं पिल्लू तर जीवाला मुकतंच, शिवाय कुत्र्यांच्या मागे बिबट्या पाड्यांजवळ येतो. ज्या त्रासापायी पिल्लू घराबाहेर जातं, तो दहा मिनिटांच्या कामाने कमी होत असेल तर ते काम शिकून घ्यायला हवं.

आधी नख समजून घ्या

आपलं नख पुढे नुसतं मेलेलं असतं. कुत्र्याच्या नखात मात्र आत बरंच पुढपर्यंत रक्ताची नस असते. ती कापली गेली तर रक्त येतं आणि खूप दुखतं. एकदा दुखलं की पिल्लू पुढच्या वेळी पंजाला हात लावू देत नाही. म्हणून सगळी खुबी या नसेपासून लांब राहण्यात आहे.

नख पांढरं असेल तर उजेडात धरा, आतला गुलाबी भाग दिसतो. तो सोडून पुढचं टोक कापायचं. नख काळं असेल तर नस दिसत नाही. तिथे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी, अशी एकेक चकती काढायची आणि दर वेळी कापलेली जागा बघायची. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबायचं.

पहिला आठवडा: कापायचं नाही, सवय लावायची

रोज पिल्लू जेवून सुस्तावलं की त्याला मांडीवर घ्या. एकेक पंजा हातात धरा, बोट हलकंच दाबा, नख बाहेर येतं ते बघा. लगेच पोळीचा तुकडा द्या. दोन-तीन दिवसांनी नेलकटर त्याला हुंगू द्या, त्याचा आवाज ऐकू द्या.

मग कापायचं असं

१. अगदी लहान पिल्लाला माणसाचं स्वच्छ, धारदार नेलकटर चालतं. मोठं झाल्यावर कुत्र्यांच्या नखांचं वेगळं कटर घ्या. ब्लेड, विळी, कात्री वापरू नका.

२. दिवसाच्या उजेडात बसा. एकीने पिल्लू धरावं, दुसरीने कापावं. मुलांना लांब ठेवा.

३. बोट धरून फक्त टोक, थोडं तिरपं कापा.

४. पुढच्या पायाला आतल्या बाजूने, जरा वर अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही आणि वळून कातडीत घुसतं. ते विसरू नका.

५. पिल्लू वैतागलं तर थांबा. आज एक पंजा, उद्या दुसरा. गुरगुरणाऱ्या पिल्लाला दाबून धरू नका.

साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. लादीवर टकटक आवाज यायला लागला की वेळ झाली समजा. फार वाढलेलं नख एकदम आखूड करू नका. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की आतली नसही हळूहळू मागे सरकते.

रक्त आलंच तर

घाबरू नका. टोकावर कॉर्नफ्लॉवर किंवा तुरटीची पूड लावून स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. मधे मधे उघडून बघू नका. तंबाखू, चुना, राख लावू नका. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा नख मुळापासून तुटलं असेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून हे काम करतंय. तिथेच १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तुम्हाला दात किंवा नख लागलं तर

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. “आपलंच पिल्लू आहे” म्हणून सोडून देऊ नका. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना नको. रक्त नसलं, नुसता ओरखडा असला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा, एक-दोन घेऊन थांबू नका. पिल्लालाही तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, आणि पुढे दर वर्षी.

घरकाम करणाऱ्या तायांसाठी

“जरा याची नखं पण काप ना,” असं मालकीणबाई सहज म्हणतात. हे वेगळं आणि जोखमीचं काम आहे. कुत्र्याला लस दिली आहे का, ते आधी विचारा. अनोळखी किंवा चिडक्या कुत्र्याला नाही म्हणा. काम घेतलंत तर त्याचे पैसे वेगळे ठरवा.

बैठकीत बोलूया

- आपल्या गटात कुणाकडे पिल्लू आहे? त्याला लस दिली आहे का?
- आपल्या वस्तीजवळ रेबीजची लस कुठे मिळते? पत्ता गटाच्या वहीत लिहून ठेवा.
- चार-पाच जणींत मिळून एक चांगलं कटर घेता येईल का? वापरून झाल्यावर ते साबणाने धुऊन, कोरडं करून पुढच्या ताईला द्यायचं.